अमेरिकेत एलएलएम करायचंय? आधी बारचं बघा

दर वर्षी दिवाळीच्या आसपास मेसेज सुरू होतात. कुणाच्या तरी ज्युनिअरला कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो, "ताई, एलएलएमला अप्लाय करतोय, एसओपी बघाल का" हे पहिलं आणि "एलएलएम झालं की तिकडं प्रॅक्टिस करता येते ना" हे दुसरं. एलएलएम म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, एसओपी म्हणजे तिच्या अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध. एसओपी मी बघते (लहानपणापासून न्यायाची ओढ होती हे पहिलं वाक्य सगळ्यांचंच असतं, काढून टाका प्लीज). पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळीत मावत नाही आणि व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसायची वेळ आलीय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात सिव्हिल साइडला काही वर्षं ज्युनिअरशिप केली, मग न्यूयॉर्कमधल्या एका लॉ स्कूलमधून एलएलएम, मग तिथला बार (म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा), थोडं काम, आणि आता परत पुण्यात. त्यामुळे खाली जे आहे ते अमेरिकेचं आणि त्यातही न्यूयॉर्कचं. लंडनचा हिशोब वेगळा, तिकडं सॉलिसिटर व्हायला एलएलएम लागतच नाही, २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे, त्यावर तिकडच्या कुणीतरी लिहावं.

आपल्याकडे कसं, बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद घेतली, ऑल इंडिया बार एक्झाम पास झालो की वडगाव मावळ असो नाहीतर गुवाहाटी, कुठंही वकालतनामा टाकता येतो. अमेरिकेत देशभराची अशी सनदच नाही. प्रत्येक राज्याचा बार वेगळा आणि परीक्षेला कुणाला बसू द्यायचं ते ज्याचं तो ठरवतो. बाहेर शिकलेल्या वकिलांना बऱ्याच राज्यांत दार बंद नाहीतर जेमतेम किलकिलं, म्हणून सगळी गर्दी न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात. त्यात कॅलिफोर्नियाचं तर असं आहे की तुमच्याकडे तुमच्या देशाची वकिलीची सनद असेल तर थेट बार परीक्षेला बसता येतं, एलएलएम न करता. हे फोनवर सांगितलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग "पण माझा कन्सल्टंट तर म्हणाला..." असं सुरू करतो. कन्सल्टंटला कमिशन ॲडमिशनचं मिळतं हो, सनदीचं नाही.

न्यूयॉर्कमध्ये हा सगळा कारभार तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सच्या नियम ५२०.६ वर चालतो. नियम मुळात दोनच गोष्टी विचारतो. तुमचं कायद्याचं शिक्षण तिथल्या तीन वर्षांच्या जेडीच्या (तिथली वकिलीची मूळ पदवी) बरोबरीच्या कालावधीचं आहे का, आणि तुमच्या देशाची पद्धत इंग्लिश कॉमन लॉवर (कोर्टांच्या जुन्या निकालांतून घडलेल्या कायद्यावर) उभी आहे का. दुसऱ्या प्रश्नात आपलं काही अडत नाही, दीडशे वर्षं इंग्रजांच्याच कायद्यांवर आपलं चाललंय. पहिल्यात पाच वर्षांचं बीए एलएलबी किंवा पदवीनंतरचं तीन वर्षांचं रेग्युलर एलएलबी असलं की बहुतेकांचं तिथंही अडत नाही. दोन्हीकडे होकार आला तर विषय संपला, एलएलएम न करता परीक्षेला बसा. एकात कमी पडलात तर ती कमतरता अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलच्या एलएलएमने भरून निघते. आणि दोन्हीत कमी पडलात तर एलएलएमनेही भरून निघत नाही.

आता बघा, माझ्या बॅचला ब्राझीलचे होते, जर्मनीचे होते, जपान-कोरियाचे तर ढिगाने होते. त्यांच्याकडे सिव्हिल लॉ (निकालांपेक्षा लिखित संहितेवर चालणारी पद्धत), म्हणजे त्यांना न्यूयॉर्कच्या बारला बसायचं तर एलएलएमशिवाय रस्ताच नाही. आपल्याला बहुतेक वेळा तो रस्ता मोकळा असतो आणि तरी आपण त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो, वर त्या रांगेत उभं राहायला कर्ज काढतो. जपानी पोरांचे पैसे त्यांची फर्म भरत होती, तेही पगार चालू ठेवून.

पदवी आणि वकिलीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे तरी नवीन नसावं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं कारण १९२० पर्यंत विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं, आणि इथं बायकांना वकिलीची वाट खुली करणारा कायदा आला तो १९२३ मध्ये. बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला कोलंबियात गेले ते अर्थशास्त्र शिकायला, वकिलीचा परवाना मिळाला तो लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन. विद्यापीठ ज्ञान देतं, परवाना दुसराच कुणीतरी देतो. असो, विषयावर येते.

तर पहिली पायरी म्हणजे ॲडव्हान्स इव्हॅल्युएशन. न्यूयॉर्क स्टेट बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सच्या साइटवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग तुमची कागदपत्रं तिकडं पोचली पाहिजेत, मग ते बघून तुम्हाला कळवतात की तुम्ही असेच पात्र आहात, की एलएलएम करून पात्र व्हाल, की नाहीच. सगळी कागदं पोचल्यावरही त्यांना काही महिने लागतात, त्यामुळे हे लॉ स्कूलचे अर्ज भरायच्या आधी करायचं काम आहे. आणि नव्वद टक्के लोक ते ॲडमिशन घेऊन, फी भरून, तिकडं पोचल्यावर करतात.

कागदपत्रं. इथं जरा थांबते कारण खरा खटला इथंच चालतो. बोर्डाला तुमचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा अधिकृत दाखला) लागतं आणि ते तुमच्याकडून चालत नाही, विद्यापीठाने थेट पाठवलेलं लागतं, विद्यापीठाच्या बंद लखोट्यातून, फ्लॅपवर शिक्का. आता आपलं विद्यापीठ. (नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.) चलन भरलं, अर्ज दिला, मार्कशीटच्या झेरॉक्स अटेस्ट करून दिल्या, आणि काही आठवड्यांनी परीक्षा विभागातल्या काकांनी लखोटा माझ्या हातात ठेवला. म्हटलं काका, हे तुम्हाला थेट न्यूयॉर्कला पाठवायचंय. काका म्हणाले, "ताई, आम्ही हातात देतो, तुम्ही टाका पोस्टात, सगळे तसंच करतात." म्हटलं मी टाकलं तर ते घेणार नाहीत. काका म्हणाले, "त्यांना काय कळतंय कुणी टाकलं." मग मी बोर्डाची सूचना प्रिंट काढून नेली, ती इंग्रजीत, म्हणून काकांनी ती मोठ्या टेबलावर पाठवली, साहेब जेवायला गेलेले, साहेब आले तर म्हणाले परदेशी टपालाचं हेडच नाहीये आमच्याकडे, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. शेवटी तोडगा असा निघाला की कुरिअरचे पैसे मी भरायचे, कुरिअरवाला विद्यापीठात बोलवायचा, लखोटा त्याला आवक-जावक विभागाने द्यायचा आणि पाठवणाऱ्याच्या जागी विद्यापीठाचं नाव घालायचं. तो जावक क्रमांक मी अजून फोनमध्ये जपून ठेवलाय. गंमत म्हणजे त्या काकांनीच नंतर माझ्या ओळखीच्या दोन पोरांचं काम याच पद्धतीने करून दिलं आणि आता म्हणे त्यांना न्यूयॉर्कचा पत्ता पाठ आहे.

याशिवाय बार काउन्सिलचं तुम्ही वकील म्हणून नोंदलेले आहात असं सर्टिफिकेट लागतं, ते त्यामानाने पटकन मिळालं. आणि लॉ स्कूलच्या ॲडमिशनसाठी एलएसएसी नावाच्या संस्थेकडे ट्रान्सक्रिप्टचा अजून एक संच जातो, तेव्हा लखोटे एकदमच जास्तीचे मागून घ्या. टक्क्यांची काळजी करू नका, आपल्याकडे लॉला साठ टक्के म्हणजे डोक्यावरून पाणी हे त्यांना आता माहीत झालंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं कुणीच सांगत नाही. एलएलएम साधारण २४ क्रेडिटचं असतं, दोन सेमिस्टर. तुम्हाला बारच्या पात्रतेसाठी एलएलएम लागत असेल तर ५२०.६ मध्ये विषयही ठरवून दिलेत: प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटीचे किमान २ क्रेडिट, लीगल रिसर्च आणि रायटिंगचे २, अमेरिकन कायदेपद्धतीची ओळख करून देणाऱ्या कोर्सचे २, आणि बार परीक्षेतल्या विषयांचे ६. बेरीज करा. १२. म्हणजे अर्धं वर्ष बोर्डाने सांगितलेलं शिकण्यात गेलं. हे सगळं अमेरिकेतल्या कॅम्पसवर, वर्गात बसून करायचं, ऑनलाइन क्रेडिट धरत नाहीत, त्यामुळे घरबसल्या अमेरिकन एलएलएमच्या ज्या जाहिराती इन्स्टावर फिरतात त्या बारसाठी निरुपयोगी. पण तुम्ही भारतीय पदवीवर आधीच पात्र असाल आणि ते कागदावर तुमच्या हातात असेल, तर ते १२ क्रेडिट तुमचे. आर्बिट्रेशन घ्या, टॅक्स घ्या, अँटिट्रस्ट घ्या, जे इथं कुणी धड शिकवत नाही ते घ्या. माझ्या वर्गात दिल्लीचा एक मुलगा होता, पात्रता आधीच हातात असूनही "सेफ साइड" म्हणून सगळे बारचे विषय घेऊन बसला, आणि वर्षभर जे शिकला तेच सगळं पुन्हा उन्हाळ्यात बारच्या कोचिंगमध्ये शिकला. दोन्हीचे पैसे भरून.

पैशाचं थोडक्यात. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या नावाजलेल्या लॉ स्कूलांची नुसती फी सत्तर हजार डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे साठ लाख गेले, राहणं-खाणं-इन्शुरन्स वेगळं. जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची लोन स्कॉलरशिप बघा, इनलॅक्स बघा, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात आली की लगेच अर्ज टाका कारण मुदत फार थोडी असते. बँकेच्या लोनला तारण लागतं आणि बहुतेक घरात ते तारण म्हणजे आई-बाबांचा फ्लॅट असतो, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मग तू का गेलीस, असं विचाराल. वर्गासाठी. अगदी खरं सांगते, त्या वर्गासाठी मी पुन्हा जाईन, सनद गेली खड्ड्यात.

काँट्रॅक्ट्सचा तास. केस, हॅडली विरुद्ध बॅक्सेन्डेल, १८५४. आपल्याकडे काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७३ शिकलेल्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल: ग्लॉस्टरची गिरणी, क्रँकशाफ्ट मोडला, वाहतूकवाल्याने पोचवायला उशीर केला, गिरणी बंद राहिली, नफा बुडाला, कोर्ट म्हणालं हे नुकसान दोघांच्या नजरेसमोर नव्हतं सबब मिळणार नाही. सरांनी (तिथं सर कुणी म्हणत नाही पण माझ्या तोंडून तेच जायचं) यादीतून माझं नाव पुकारलं. मी घडाघडा सांगितलं. ते म्हणाले छान, आता मला सांगा, गिरणीच्या माणसाने कारकुनाला गिरणी बंद आहे हे सांगितलं होतं की नव्हतं? म्हटलं नव्हतं, म्हणून तर निकाल तसा लागला. ते म्हणाले रिपोर्टच्या सुरुवातीला हकिगत दिलीय ती वाचा. वाचली. तिथं चक्क लिहिलंय की सांगितलं होतं, गिरणी बंद आहे, शाफ्ट ताबडतोब पाठवा. आणि पुढे जज बॅरन आल्डरसनच्या निकालपत्रात लिहिलंय की फक्त शाफ्ट मोडलाय आणि आम्ही गिरणीवाले आहोत एवढंच सांगितलं होतं. आता? पुढचा सगळा तास याच्यावरच. हकिगत लिहिणारा चुकला का जजने सोयीचं तेवढं घेतलं, कारकुनाला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं धरायचं का, तुम्ही वाहतूकवाल्याचे वकील असता तर ही ओळ लपवली असती का.

मी ती केस कॉलेजात शिकले होते, कोर्टात एकदोनदा सायटेशन म्हणून टाकलीही होती, आणि मूळ रिपोर्ट कधी उघडला नव्हता, आपल्यात कोण उघडतं? आपण रेशो (निकालाचं मूळ तत्त्व) पाठ करतो. ते लोक हकिगतीत शिरतात आणि आतून निकाल उकलत बसतात. सुरुवातीला चीड येते, की बाबा उत्तर काय ते सांग ना एकदाचं, आणि ते उत्तर सांगतच नाहीत, प्रश्नालाच अजून एक फाटा फोडतात.

परीक्षाही त्याच चालीची. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा, तरी घाम फुटतो. तीन-चार पानांची एक गोष्ट देतात, त्यात सतरा भानगडी, आणि शेवटी फक्त एवढंच की सल्ला द्या. आपल्या पोरांचा हात सवयीने व्याख्येकडे जातो, मग कलम, मग चार केसेस, मग निष्कर्ष, सोळा मार्कांच्या प्रश्नाची सवय हाडात मुरलेली असते आणि पुरवण्या लावायची हौस तर विचारूच नका. तिथं व्याख्येला मार्क नाहीत. या गोष्टीत भांडण कुठं कुठं होऊ शकतं ते दाखवा, दोन्ही बाजूंनी बोला, पुढच्याला जा.

याच्या उलट जिथं आपण त्यांना धक्का देतो अशाही जागा आहेत बरं का. एव्हिडन्सच्या तासाला मिरांडा चालू होतं, १९६६ चा निकाल, पोलिसांनी आधी हक्क वाचून दाखवले तर आरोपीचा कबुलीजबाब पुराव्यात येतो. मी हात वर केला आणि म्हटलं आमच्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यातच येत नाही, हक्क वाचा नाहीतर गीता वाचा, १८७२ पासून एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५ आहे (आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ झालंय). वर्गात एकदम कुजबुज. एका अमेरिकन मुलीने विचारलं मग तुमचे पोलीस केस सिद्ध कशी करतात? म्हटलं तो वेगळाच विषय आहे, तुला कॉफी प्यायला किती वेळ आहे. त्या कॉफीवरून आमचा अभ्यासाचा ग्रुप जमला आणि खरं सांगायचं तर मी अमेरिकन कायदा जेवढा वर्गात शिकले तेवढाच त्या ग्रुपला भारतीय कायदा समजावून सांगताना शिकले. ज्युरी तुमच्याकडे का गेली हे विचारलं की नानावटी खटला सांगायचा, मुंबईची ती सगळी रसभरित भानगड, दोन दोन तास हलायचे नाहीत लोक.

बार परीक्षा मात्र या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला. तिथं परत पाठांतर, आपलं होमग्राउंड. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार. पहिल्या दिवशी ९० मिनिटांचे दोन ड्राफ्टिंगचे पेपर आणि अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा निबंध, दुसऱ्या दिवशी २०० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न. ४०० पैकी २६६ लागतात. तिथल्या जेडीवाल्याला परीक्षेची फी २५० डॉलर आणि आपल्याला ७५०, का ते विचारू नका. अवघड काय जातं तर आपल्याला ज्याची सवयच नाही ते: इथं काँट्रॅक्ट जमलं की नाही ते बघायला एकच ॲक्ट, कलमं पाठ, झालं. तिथं जमिनीचा-सेवेचा करार असेल तर कॉमन लॉ, मालाची विक्री असेल तर यूसीसी (युनिफॉर्म कमर्शियल कोड, आपला समान नागरी कायदा नव्हे), आणि दोन्हींची उत्तरं वेगळी. प्रॉपर्टीचं तर बोलायलाच नको, सातबारा आणि फेरफार बघत मोठी झालेली मी आणि समोर मध्ययुगीन इंग्लंडच्या इस्टेटी. यातली रूल अगेन्स्ट परपेच्युइटीज (मालमत्ता पिढ्यानपिढ्या अडकवून ठेवायला मनाई) तेवढी आपल्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १४ ची सख्खी चुलत बहीण निघाली, ती भेटल्यावर बरं वाटलं.

परीक्षा पास म्हणजे सनद नाही, हेही माहीत असू द्या. एथिक्सची एमपीआरई वेगळी, तिच्यात ८५ लागतात. न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन कोर्स आणि त्याची छोटी परीक्षा वेगळी. आणि ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे फुकट केलेलं कायद्याचं काम. हे प्रो बोनो जगात कुठंही केलेलं चालतं, वकिलाच्या देखरेखीखालचं कायद्याचंच काम पाहिजे, आणि एलएलएम सुरू व्हायच्या आधीच्या एका वर्षात केलेलंही धरतात. म्हणजे इथं असतानाच तालुका विधी सेवा समितीचं काम नीट तासांची नोंद ठेवून करा, आणि देखरेख करणाऱ्या वकिलाची सही त्यांच्या फॉर्मवर निघायच्या आधीच घ्या. नंतर न्यूयॉर्कहून फोन करून "सर एक सही हवी होती, नोटरीसमोर" म्हटलं की सर कुठल्या तरी फायनल आर्ग्युमेंटमध्ये असतात, पुढचे तीन महिने.

आता कॅलेंडर, ज्याच्यावर सगळ्यांची झोप उडते. एलएलएम मे महिन्यात संपतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर त्यानंतर १२ महिन्यांचं ओपीटी (शिक्षणानंतर तिथं काम करायची परवानगी) मिळतं, इंजिनिअर लोकांसारखी पुढची दोन वर्षं आपल्याला नाहीत कारण कायदा स्टेममध्ये (सायन्स-इंजिनिअरिंगच्या विषयांत) येत नाही. ओपीटी शिक्षण संपल्यापासून ६० दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, म्हणजे जास्तीत जास्त ताणलं तर जुलै. आणि ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. बारचा निकाल लागतो ऑक्टोबरच्या शेवटी. करा हिशोब, निकाल हातात यायच्या आधीच ते ९० दिवस संपायला आलेले असतात. म्हणून एलएलएमवाली पोरं जुलैनंतर कुठं ना कुठं, एनजीओ, लीगल क्लिनिक, एखादे प्रोफेसर, आठवड्याला २० तास बिनपगारी का होईना काम धरून बसतात, ते नोकरीत धरलं जातं. मोठ्या फर्म्सचं हायरिंग जेडीच्या पोरांना उन्हाळी इंटर्नशिपला घेऊन आधीच झालेलं असतं. पहिल्या वर्षाच्या असोसिएटला २,२५,००० डॉलर वगैरे आकडे तुम्ही वाचले असतील, खरे आहेत, पण ते जेडीवाल्यांचे. आमच्या बॅचच्या भारतीयांपैकी ज्यांना तिथं चांगलं काम मिळालं ते जवळपास सगळे इथं आधी चार-सहा वर्षं एका विषयात मुरलेले होते, कुणी आर्बिट्रेशनमध्ये, कुणी कॅपिटल मार्केट्समध्ये. कॉलेजातून थेट आलेल्या पोरांचे हाल झाले. म्हणून मला कुणी पाचव्या वर्षातून फोन केला की मी सरळ सांगते, आधी दोन-तीन वर्षं काळा कोट घाल, कोर्टाचं रोजचं बोर्ड वाच, शिव्या खा, मग बघू.

परत येणाऱ्यांसाठी. प्रॅक्टिसला काही फरक पडत नाही, जज काही तुमचं एलएलएम कुठलं ते विचारत नाहीत. मी परत आले तेव्हा माझे जुने सर एवढंच म्हणाले, "बरं झालं आलीस, उद्या साडेदहाला बारा नंबरच्या कोर्टात उलटतपास आहे." मुंबईच्या फर्म्समध्ये, विशेषतः आर्बिट्रेशनला, उपयोग होतो. शिकवायचं असेल तर मात्र नीट चौकशी करा, बार काउन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या नियमांत एक वर्षाचं परदेशी एलएलएम इथल्या एलएलएमच्या बरोबरीचं धरायला नकार दिला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा ज्या कॉलेजात शिकवायचंय तिथं आणि यूजीसीचं त्या वेळी काय चाललंय ते आधी विचारून घ्या, साठ लाख भरल्यावर नको.

आणि न्यूयॉर्कची सनद मिळालीच तर तिचं काय होतं तेही सांगते. राज्याबाहेर राहणाऱ्यांना शपथेसाठी आल्बनीला जावं लागतं. त्याआधी कॅरेक्टर अँड फिटनेसचा (चारित्र्य तपासणीचा) अर्ज, त्यात आजवर जिथं जिथं कायद्याचं काम केलं त्यांचं ॲफिडेव्हिट आणि आपल्या बार काउन्सिलचं गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, म्हणजे परत एकदा लखोटा. नंतर दर दोन वर्षांनी ३७५ डॉलर नोंदणी फी, तिथं प्रॅक्टिस करा न करा. मी भरते. माझ्यासारख्या पुण्यात बसून भरणाऱ्या अजून दोघीजणी ओळखीच्या आहेत, एकीने सनदीचा कागद फ्रेम करून चेंबरला लावलाय आणि पक्षकार येऊन विचारतात मॅडम, हे कशाचं आहे, तर ती म्हणते, होम लोनचं.